शिमला ऑफिस, बूमरँगवाले साहेब आणि आपलं सोयाबीन

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर चौकट दिसते : इंदूरला चोवीस तासांत अडीच इंच. आणि विजयनगरचा माणूस म्हणतो, छे, आमच्याकडे अंगणसुद्धा धड भिजलं नाही. दोघंही खरं बोलतात. हवामान खात्याचं पर्जन्यमापक विमानतळावर आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय त्या चौकटीतले चोवीस तास काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचे असतात. पुन्हा सांगतो, साडेआठ ते साडेआठ. आपल्याकडे साडेआठ होतात तेव्हा ग्रीनिचच्या घड्याळात तीन वाजलेले असतात, आणि जगभरच्या वेधशाळा एकाच क्षणी नोंद घेतात. म्हणून रात्री बारापर्यंत कोसळलेला पाऊस 'आजच्या' खात्यात जातो आणि आपण वेधशाळेला नावं ठेवतो.

आपल्या मालव्यात पाऊस अजून इंचांतच बोलतात. हरकत नाही. एक इंच म्हणजे साधारण २५ मिलिमीटर, आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लीटर पाणी. हेक्टरभर शेतावर दहा हजार लीटर. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे खात्याच्या भाषेत 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार', आणि २०४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार'. ढगफुटी वेगळीच : लहानशा भागात तासाभरात १०० मिलिमीटर. हल्ली टीव्हीवाल्यांना राजवाड्यासमोर गुडघाभर पाणी दिसलं की ढगफुटी झाली. अहो, ती नाली तुंबलेली असते.

आता मुद्दा. 'उद्या पाऊस आहे' ही बातमी सगळ्यांना सारखी उपयोगी नसते. आपलं काम किती मिलिमीटरला अडतं, ते आधी ठरवावं लागतं. सोयाबीनचंच घ्या. शिफारस अशी की किमान १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. का? काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते. पहिला पाऊस त्या भेगा पिऊन टाकतात. बी असतं दोन-तीन सेंटिमीटर खोल. दीड इंचात वरचा थर ओला होतो, बी फुगतं, कोंब काढतं, आणि मग आठ दिवस उघडीप पडली की तिथेच वाळतं. हेक्टरी ७०-७५ किलो बियाणं मातीत गेलं, वर दुबार पेरणी. म्हणून दोन आकडे बघा : आतापर्यंत किती पडला, आणि पुढचे पाच दिवस काय म्हणतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, 'मेघदूत' ॲपवर मिळतो. मंगळवार आणि शुक्रवार.

पण पाच दिवसांचा अंदाज पेरणीला पुरतो, बियाणं-खत मागवायला नाही. खताच्या रेल्वेगाड्या, सोसायटीचं कर्ज, कारखान्यांची खरेदी हे सगळं एप्रिल-मेमध्येच ठरतं. त्यासाठी अख्ख्या मोसमाचा अंदाज लागतो. आणि त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पुण्याला आपलं प्रत्येकाचं कुणी ना कुणी आहे. (त्यांनी आपल्या पोह्यांतल्या बडीशेपेवर बोलणं थांबवलं तर बरं, पण तो विषय वेगळा.) तिथे शिवाजीनगरला रिक्षावाल्याला 'शिमला ऑफिस' सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. पुण्यात शिमला आलं कुठून?

१८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आलं. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसानं दगा दिला. तेव्हा कुठे १८७५ साली सरकारनं हवामान खातं काढलं आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांना त्याचे प्रमुख नेमलं. त्यांनी एक धागा पकडला : हिमालयात बर्फ जास्त साचलं की पुढचा पावसाळा कमी. युक्तिवाद सरळ होता. ऊन बर्फ वितळवण्यात खर्च होतं, जमीन तापत नाही, आणि जमीन तापली नाही तर समुद्रावरचं वारं ओढलं जात नाही. काही वर्षं जमलंही. त्यांच्यामागून जॉन एलियट आले, त्यांनी आणखी खुणा जोडल्या, अंदाज लांबलचक झाले. १८९९ साली अंदाज निघाला : पाऊस चांगला होणार.

आणि आला तो छप्पनिया दुष्काळ. संवत १९५६. राजस्थान, गुजरात, मालवा, जुन्या माणसांसमोर नुसतं 'छप्पन' म्हटलं तरी पुरे. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणणाऱ्या मालव्यातही गुरं चाऱ्याविना मेली. त्यानंतर काही वर्षं हा अंदाज लोकांना सांगणंच बंद झालं. गुपचूप सरकारकडे जायचा.

१९०४ साली खात्याची सूत्रं आली गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती. हवामानाचा अनुभव शून्य! केंब्रिजचे गणिती, १८८९ साली परीक्षेत पहिले आलेले. छंद कुठला, तर बूमरँग. नदीकाठच्या हिरवळीवर ते फेकायचे आणि ते परत का येतं याचं गणित मांडायचे. मित्र त्यांना 'बूमरँग वॉकर' म्हणत. हे साहेब शिमल्याच्या कचेरीत बसले आणि म्हणाले, कारण मागाहून शोधू, आधी आकडे बोलू देत.

मग हिशेबाच्या वह्या सुरू झाल्या. एका रकान्यात वर्षावर्षाचा भारतातला पाऊस. दुसऱ्यात दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, तिसऱ्यात मॉरिशसचा दाब, चौथ्यात झांझिबारचा एप्रिल-मेचा पाऊस, पाचव्यात हिमालयातलं बर्फ. आपलेच कारकून बसून प्रत्येक रकाना पावसाच्या रकान्याशी ताडून बघायचे. एक वाढला की दुसरा वाढतो का, किती वेळा, किती प्रमाणात. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, सगळं हातानं. इथे एक खड्डा असतो आणि वॉकरना तो दिसला होता, म्हणून मला हा माणूस आवडतो. शंभर रकाने ताडले की त्यातले दोन-चार नुसत्या योगायोगानं जुळणारच. म्हणून जितक्या जास्त खुणा तपासाल, तितका पुरावा कडक मागा, असा नियमच त्यांनी १९१४ साली गणितात बसवून दिला. कावळ्याचं घरटं उंचावर म्हणजे पाऊस कमी, नक्षत्राचं वाहन बेडूक म्हणजे पाऊस भरपूर, हे व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणाऱ्यांनी तो नियम ऐकावा. पंचांगावर राग नाही हो. म्हैस, बेडूक, हत्ती वाचायला मलाही मजा येते, फक्त त्यावर खताची ऑर्डर देऊ नये.

वह्यांमधून शेवटी एक झोका वर आला. प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि तिकडे उतरला की इकडे चढतो. इकडे चढला की आपला पाऊस आखडतो. १९२४ साली वॉकरनी त्याला 'दक्षिणी दोलन' नाव दिलं, आणि त्याच वर्षी ते नोकरीतून मोकळे झाले. झोका का हलतो हे त्यांना सांगता येईना, म्हणून पुष्कळांनी मनावर घेतलं नाही. १९२८ साली मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्याला हलली आणि गावाचं नाव सामानाबरोबर आलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र पुण्यातच राहिलं. आणि १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानं दाखवलं की त्या झोक्याला हलवतं प्रशांतातलं तापलेलं पाणी. ज्याला मंडीतला आडत्यासुद्धा आता 'अल निनो' म्हणतो, ते. हवेच्या त्या चक्राला त्यांनी वॉकरचंच नाव दिलं. वॉकर १९५८ मध्येच गेले होते.

तरी अल निनो म्हणजे दुष्काळ, असं समीकरण करू नका. १९९७ साली तो जबरदस्त होता आणि देशाचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच राहिला. आज एप्रिलमध्ये अंदाज येतो, मेअखेर सुधारून येतो. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे 'सामान्य'. हा आकडा देशाचा आहे. तुमच्या शिवाराचा नाही. देशाचा, शिवाराचा नाही.

गोष्टीत वेळ गेला, आता बाकीच्यांचं भराभर सांगतो.

वीज. जबलपूरचं भार नियंत्रण केंद्र दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याची मागणी आदल्या दिवशी बांधतं. रब्बीत गव्हाला पाणी चालू असताना मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस झाला की हजारो मोटारी एकदम बंद. मागणी कोसळते, विजेची वारंवारता नेहमीच्या ५० हर्ट्झच्या वर चढायला लागते, मग घाईनं वीजनिर्मिती उतरवावी लागते. तोच मावठा आदल्या दिवशी कळला तर कोळसा वाचतो. नीमच-शाजापूरच्या सौर प्रकल्पांवर ढग आले की प्रकार उलटा, वीज अचानक कमी.

विमानतळ. दर अर्ध्या तासानं वारा, दृश्यता, हवेचा दाब कळवला जातो. यात दाब सगळ्यात नाजूक. एका हेक्टोपास्कलची (हे दाब मोजायचं एकक) चूक म्हणजे विमानाच्या उंचीमापकात साधारण २७ ते ३० फुटांचा फरक. दाब दहानं जास्त कळवला, तर धुक्यात वैमानिकाला आपण आहोत त्यापेक्षा जवळजवळ तीनशे फूट वर आहोत असं वाटेल.

शेतावर काम करणाऱ्यांसाठी 'दामिनी' ॲप ठेवा, वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. ॲप नसेल तर मोजा : वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत. पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका.

आणि विमा. खरिपाला शेतकऱ्याचा हप्ता दोन टक्के. सोयाबीन कापून शेतात वाळत पसरलंय आणि अवकाळी पाऊस आला, तर कापणीपासून चौदा दिवसांपर्यंतच्या नुकसानीची तरतूद प्रधानमंत्री पीक विमा योजनेत आहे. पण कळवायचं ७२ तासांत. फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, कळवल्याचा नोंदणी क्रमांक मागून घ्या. ७२ तास. हे तास नुकसान झाल्यापासून मोजतात, पटवारी शेतावर आल्यापासून नाही.