मुठीतलं मीठ

[पेडणे. मिठागरावरचं सकाळचं ऊन.]

मार्च महिना. आगरवाड्याच्या मिठागरांत खाडीचं पाणी उन्हानं आटत आटत पांढरं पडलंय. मिठाचे दाणे कुणी मोजत नाही, मीठ तोलूनच विकतात. नारळ मात्र शेकड्यावर आणि मानकुराद आंबे डझनावर.

रसायनशास्त्रात अणू-रेणू मोजायचं असंच एक माप आहे, मोल. भाव-मोलातल्या मोलाशी याचं नातं नाही, हा शब्द रेणूसाठीच्या जर्मन शब्दावरून आला. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. सेकंदाला एक कोटी या वेगानं मोजत बसलं, तरी सुमारे १९० कोटी वर्षं लागतील!

[तागडीत मीठ ओतणारा हात.]

म्हणून मोजायचं ते तोलून. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ घेतलं, मूठभर, की झाला एक मोल. त्यात सोडियम २३ ग्रॅम, क्लोरीन साडेपस्तीस. मुलं नेमकी इथं अडखळतात, आणि त्यांची शंका रास्त आहे: क्लोरीन वजनाला जास्त, तर त्याचे कणही जास्त असणार ना?

नाही. एका पारड्यात शंभर नारळ, दुसऱ्यात शंभर लिंबं घाला. नारळांचं पारडं खाली जाईल, पण नग दोन्हीकडे शंभरच. क्लोरीनचा अणू सोडियमच्या अणूच्या साधारण दीडपट जड, एवढाच फरक. मिठात त्यांची जोडी एकास एक. अणू एकमेकांशी जुळतात ते संख्येनं, आणि आपल्या हातात असतो फक्त तराजू. ही अडचण मोलनं सोडवली.

इटलीच्या ॲव्होगाड्रो या शास्त्रज्ञानं १८११ मध्ये मांडलं होतं, की तापमान आणि दाब सारखे असतील तर वायूंच्या समान आकारमानात रेणूही समान असतात. पुढे मोलच्या संख्येला त्याचं नाव मिळालं. आधी मोल ठरायचा १२ ग्रॅम कार्बन-१२ (कार्बनचा एक प्रकार) मधल्या अणूंवरून. २० मे २०१९ पासून आकडाच पक्का केलाय: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात.

[चुलीवर पेज.]

पेजेत पडली ती चिमूट अर्धा ग्रॅम धरू. मोलाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तरी तिच्यात सोडियम-क्लोरीनच्या जोड्या किती? पाचावर एकवीस शून्यं.