जागा ओहोटीला बघा
(वाशीतल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय आहे 'होडीसाठी मरीना कशी निवडावी'. मरीना म्हणजे होड्या बांधून ठेवायचं छोटं बंदर. माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत, त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ मिळाला, तक्रार नाही.

आपण घर बघायला कधी जातो? मे महिन्यात. गळतं कधी? जुलैत. मीही तेच केलं. ठाण्याच्या खाडीत एक जागा होती, तिथला माणूस तिला मरीना म्हणायचा. नाव सांगत नाही, डिपॉझिट अजून परत यायचंय. पौर्णिमेला दुपारी बाराला बघितली. पाणी काठोकाठ! सही करून मोकळा झालो.

पंधरा दिवसांनी अमावास्या. सौभाग्यवती, मेहुणे आणि थालीपिठांचा डबा घेऊन बाराला निघालो. पाचला परतलो तर धक्का दिसतोय, पण धक्क्यापर्यंत नुसता गाळ. होडी रुतली, कलली. लोणचं मेहुण्यांच्या पांढऱ्या पँटवर. फ्लेमिंगो मात्र त्याच चिखलात आरामात चरत होते. (हशा) मेहुणे म्हणाले, उतरून ढकलतो. एक पाय घातला, गुडघ्यापर्यंत गेला, बूट अजून तिथेच आहे. साडेआठपर्यंत डास मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे मच्छीमार होडीच्या कप्तानांना, सांगितलं. ते म्हणाले, "पाणी बघून जागा घेतलीत, चिखल बघून घ्यायची." मग त्यांनी हिशेब शिकवला: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. पंधरावी तिथी, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, सव्वाअकरा. खाडीत आत जाल तशी थोडी उशिरा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. आपल्याकडे उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या मोठ्या भरती-ओहोटीला, पाणी चार मीटरच्या पुढे चढतं-उतरतं, आणि त्यातलं निम्मं मधल्या दोन तासांतच जातं. म्हणून 'अजून वेळ आहे' म्हणणारा हमखास रुततो.

काय? पाच मिनिटं? बरं, मूळ विषय.

धक्का तरंगता हवा, पाण्याबरोबर वरखाली होणारा. पक्क्या धक्क्याला दोर ताणून बांधलेत तर ओहोटीला होडी लोंबकळेल. शिडाची होडी असेल तर वाटेतल्या पुलाखालून डोलकाठी जाते का ते विचारा, तेही भरतीच्या हिशेबाने. पावसाळ्यात होडी वर काढायला क्रेन किंवा उतार आहे का? तळाला कालवं धरतात, ती खरवडायला जागा? डिझेल, गोडं पाणी, रात्रीचा रखवालदार? कोचीला बोलगाटी बेटावरची मरीना बघून या, मग इथल्या माहितीपत्रकातले फोटो बघा. विम्याचं राहिलं, चहाच्या वेळी विचारा.

आणि हे मागच्या रांगेतले गृहस्थ, परवा जागा बघायला जाणार म्हणताय? परवा द्वितीया, उधाण अजून उतरलेलं नसेल. दोन गुणिले पाऊण, दीड वाजता भरती. तो माणूस तुम्हाला दीडलाच बोलावेल. तुम्ही सकाळी साडेसातला जा. चपला जुन्या घाला.