दिवे निराळे, पत्रा एकच

मोटारी हल्ली सगळ्या एकसारख्याच दिसतात, अशी तक्रार आपण करतो आणि बहुधा त्याचा दोष डिझाइनरच्या आटलेल्या कल्पनाशक्तीला देतो. मला तो दोष भलत्याच माणसाच्या माथी मारल्यासारखा वाटतो.

प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसडर आणि स्टँडर्ड हेरल्ड या तीन जुन्या गाड्या आठवून पाहा. तिन्हींचे पुढचे दिवे गोलच होते, तरीही त्या लांबून, नुसत्या आकारावरून ओळखू येत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनीच्या मागच्या दोन्ही कडा किंचित वर उचललेल्या होत्या, अॅम्बॅसडरचे सगळे अंगच गोलाईचे होते आणि हेरल्डवर मिकेलोत्ती या इटालियन डिझाइनरने ओढलेल्या सडसडीत रेषा होत्या. वेगळेपण पत्र्यात होते. आज पत्र्याचा आकार जवळपास आधीच ठरलेला असतो आणि वेगळेपणाचा सगळा भार एलईडी दिव्यांवर आणि पुढच्या जाळीवर येऊन पडतो. त्या काळी रस्त्यावर वैविध्य होते, असे मात्र मी म्हणणार नाही. ग्राहकाला निवडच नव्हती, आणि तीच गाडी वर्षानुवर्षे फारशी न बदलता बनत राहिल्यामुळेही ती डोळ्यांत इतकी ठसली.

पत्र्याचा आकार ठरवतो कोण? पादचाऱ्याला धडक बसली तर त्याचे डोके बॉनेटखालच्या टणक इंजिनावर आदळू नये म्हणून मध्ये मोकळी जागा ठेवावी लागते, त्यामुळे गाडीचे नाक उंच आणि बोथट होते. छताचा भार पेलणारे खांब जाड झाले आहेत. हवेचा अवरोध कमी करून इंधन वाचवायचे असल्यामुळे छपराचा उतारही फार निराळा ठेवता येत नाही. ही बंधने माणसांचे जीव आणि इंधन वाचवतात, म्हणून त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती चार मीटरच्या मर्यादेविषयी. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या गाडीची लांबी जणू करखात्याच्या फूटपट्टीने आखली जाऊ लागली. या मर्यादेत बसवलेल्या डिकीवाल्या गाड्या, म्हणजे टाटाची इंडिगो सीएस आणि त्यानंतर 2012 ची मारुतीची स्विफ्ट डिझायर, बाजूने पाहा: पुढचा भाग आणि प्रवाशांची जागा नीट प्रमाणात आहे, पण मागच्या काचेनंतर डिकी सुरू होते न होते तोच संपते. प्रमाणबद्धता हा मोटारीच्या सौंदर्याचा पाया आहे आणि इथे तोच कापला गेला. सप्टेंबर 2025 पासून तर या मर्यादेच्या आत 18 टक्के आणि बाहेर 40 टक्के जीएसटी आहे. एवढी तफावत असताना कोणता उत्पादक केवळ देखणेपणासाठी वीतभर पत्रा वाढवील?

डिझाइनरला मोकळीक मिळाली की काय घडते, हे 1991 च्या टाटा सिएराने दाखवले होते. तिला मागचे दरवाजेच नव्हते. त्या जागी छपरापर्यंत वळत गेलेली अखंड, न उघडणारी काच होती. सोयीच्या दृष्टीने ही अडचणच, पण त्या एका काचेमुळे गाडी आजही विसरली गेलेली नाही. कर लावायचाच असेल तर तो गाडीच्या वजनावर आणि धुरावर लावावा. लांबी डिझाइनरच्या हाती सोडावी.