छप्पर बदलण्याआधीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. ठाणे-नवी मुंबईतल्या घणसोली, दिवाळे, चेंदणी कोळीवाडा अशा जुन्या वस्त्यांमध्ये आजही कौलारू आणि पत्र्याची घरं आहेत. यंदा ज्यांना छप्पर बदलायचं आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती: ठेकेदाराला बोलावण्याआधी टेप घ्या आणि छपराचं माप स्वतः काढा.

घर 30 बाय 20 फुटांचं असलं, की आपण सहज 600 चौरस फूट म्हणून मोकळे होतो. पण पावसाची झड भिंतीला लागू नये म्हणून छप्पर चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढलेलं असतं. म्हणजे लांबी झाली 34, रुंदी 24. आता उतार धरा. आढं, म्हणजे छपराचा माथा, वळचणीपेक्षा, म्हणजे खालच्या कडेपेक्षा, 5 फूट उंच असेल, तर एका बाजूची तिरपी लांबी 24 च्या निम्मी 12 नाही, 13 फूट भरते. दोन्ही बाजू मिळून 884 चौरस फूट, म्हणजे शंभर चौरस फुटांचा एक ब्रास धरला तर जवळजवळ नऊ ब्रास!

पत्रा घेतलात तर आकडा आणखी वाढतो. साडेतीन फुटी रंगीत पत्रा शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर साधारण सव्वातीन फूटच झाकतो. एका बाजूला 11, दोन्हीकडे मिळून 22 पत्रे लागतात. बिल मात्र पूर्ण रुंदीचं होतं: 1001 चौरस फूट. 600 धरून बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, आणि इथे त्याला कुणी फसवलेलंही नसतं.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. या घराला साडेबाराशेच्या आसपास. फूटतूट धरून साडेतेराशे मागवा. वासे आणि रिपा, म्हणजे कौलांखालचा लाकडी सांगाडा, शाबूत असतील तर मी कौलांच्याच बाजूने आहे, एप्रिल-मेच्या उकाड्यात घर राहण्याजोगं राहतं.

कोटेशन घेताना पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, आणि ती रंगासकट की रंगाशिवाय, हेही. जीएसटी, आढ्यावरचा पत्रा, पन्हळ, स्क्रू, परांची, जुना माल उतरवून नेणं, या सगळ्याचे दर वेगवेगळे मागा. वर दहा टक्के हाताशी ठेवाच. कौलं उतरल्यावरच वाशांची वाळवी दिसते.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर फार जपा. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. पत्रे ओले करून, मास्क लावून, अख्खेच उतरवायला सांगा. फोडू देऊ नका.

छपराची उंची किंवा आकार बदलणार असाल, तर आधी ठाण्यात प्रभाग समितीत, नवी मुंबईत विभाग कार्यालयात परवानगीची चौकशी करा.

मुंबई परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनच्या सुमारास येतो. मे महिन्यात कारागीर मिळणं मुश्कील, म्हणून काम फेब्रुवारी-मार्चमध्येच काढा. पैसे हप्त्यांनी द्या, आणि शेवटचा हप्ता पहिल्या जोरदार पावसानंतर मिळेल, हे ठेकेदाराशी आधीच कागदावर ठरवून घ्या.