अर्थ सांगता येतो, मग टोमणा का कळत नाही?

नमस्कार मंडळी! स्ट्रोकवरच्या व्हिडिओखाली अजून तोच प्रश्न येतोय, "दादा, बाबांना टोमणे कळेनात, म्हणजे उजवा मेंदू गेला ना? कविता तिथेच असते ना?" अहो, उजवीकडे कविता आणि डावीकडे गणित असले कप्पे नसतात मेंदूत! बहुतेकांची भाषा मुख्यतः डावीकडे, हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं 1865 मध्येच मांडलं. ते झालं. पुढे.

1977 मध्ये अमेरिकेत एलन विनर आणि हॉवर्ड गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी मेंदूला इजा झालेल्या लोकांना 'जड अंतःकरण' अशा अर्थाचा वाक्प्रचार ऐकवला आणि चार चित्रं पुढे ठेवली. एकात रडणारा माणूस, एकात भलंमोठं लाल हृदय उचलून लडखडणारा माणूस, एकात नुसतं वजन, एकात नुसतं हृदय. उजव्या बाजूला इजा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी लडखडणारा निवडला, आणि त्यांना त्यात हसण्यासारखंही काही वाटलं नाही. पण तोंडी विचारलं तर? अर्थ बरोबर! डावीकडे इजा झालेल्यांचं उलट. बोट रडणाऱ्यावर, पण शब्दांत सांगताना गाडी अडायची.

म्हणजे अर्थ सांगणं वेगळं आणि तो प्रसंगाला लावणं वेगळं. परत सांगतो, कारण खाली कुणीतरी लिहिणारच, "आमच्या आजोबांनी म्हणीचा अर्थ बरोबर सांगितला, ते ठणठणीत आहेत." सांगितला असेल हो!

माझ्या मामाचंच घ्या. मेंदूच्या उजव्या बाजूचा स्ट्रोक. तपासणीत 'नाचता येईना अंगण वाकडं' विचारलं, त्यानं उदाहरणासकट समजावलं. सगळे खूश. घरी मामी नातवाला म्हणाली, "याच्या नाकावर माशी बसत नाही," तर मामा वाकून पोराचं नाक बघायला लागला. मी विचारलं, मामा, याचा अर्थ काय? म्हणाला, "रागीट. एवढंही माहीत नाही तुला?"

आणि ज्यांची वाचा गेली आहे, त्यांना म्हणीचा अर्थ विचारून 'यांना काही कळत नाही' असं कृपा करून ठरवू नका. अर्थात नंतरच्या अभ्यासांत डावीकडच्या इजेतही वाक्प्रचार शब्दशः घेतलेले दिसलेत, त्यामुळे 'डावीकडचे वाचले' असंही नाही.

ज्या ताईंनी विचारलंय की सासरे टोमण्यावर मुद्दाम गप्प बसतात का, त्यांना एकच सांगतो. आठवडाभर टोमणे बंद करा, सरळ बोला. "चहा छान झालाय वाटतं, कपात तसाच आहे" असं नको. "चहा प्या, गार होतोय" म्हणा, आणि काय होतं ते खाली लिहा.