मुंबईत पाडलेला डॉलर

(पडद्यावर: भिंगाखाली चांदीचं एक नाणं.)

हा डॉलर आहे, पण अमेरिकेचा नव्हे. एका बाजूला ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, ब्रिटानिया, उभी आहे, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल, मागे समुद्रात जहाज. उलटून पाहिलं तर चिनी अक्षरं आणि अरबी वळणाची मलय लिपी. आता त्रिशूळाच्या मधल्या टोकाकडे नीट बघा. तिथे एक बारीकसं इंग्रजी 'बी' आहे. बी म्हणजे बॉम्बे. मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर जी टांकसाळ आहे, तिथे पाडलेलं हे नाणं.

गंमत अशी, की मुंबईच्या बाजारात ते चालायचंच नाही. ते होतं हाँगकाँग, सिंगापूर, पेनांगच्या दुकानदारांसाठी.

पूर्वेला डॉलरची सवय लावली स्पेननं. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोटोसीच्या खाणींतली चांदी १५७० च्या दशकापासून जहाजं भरभरून फिलिपिन्समधल्या मनिलाला येऊ लागली. तिथे चिनी व्यापारी रेशीम घेऊन थांबलेलेच असत. या चांदीचं आठ रेआलचं (रेआल हे स्पेनचं चलन) नाणं म्हणजेच स्पॅनिश डॉलर, साधारण २७ ग्रॅमचं. अमेरिकेनं १७९२ मध्ये स्वतःचा डॉलर ठरवला तो याच्याच मापानं, आणि १८५७ पर्यंत तिकडच्या दुकानांत हे परदेशी नाणं कायदेशीर चलन होतं.

(पडद्यावर: ठशांनी भरलेली जुनी नाणी, एकामागून एक.)

चीनमध्ये मात्र डॉलरवरच्या राजाच्या तोंडाकडे बघून कोणी माल देत नसे. कँटनच्या, म्हणजे आजच्या ग्वांगझूच्या, पेढीवर नाणं आलं की आधी ते सराफाच्या हाती जायचं. तो ते बोटांवर तोलायचा, दुसऱ्या नाण्यावर आपटून आवाज ऐकायचा, कडा चाचपायचा. कडेला विशेष लक्ष, कारण भामटे नाणं मधून चिरत, आतली चांदी कोरून काढत, हलका धातू भरत आणि दोन्ही चकत्या पुन्हा बेमालूम जोडत. या परीक्षेचं शिक्षण देणाऱ्या शाळा कँटनमध्ये होत्या. खरी-खोटी नाणी समोर टाकून पोरांचे हात आणि कान तयार केले जात.

नाणं खणखणीत निघालं, की सराफ त्यावर आपला छोटा ठसा ठोकायचा. पुढच्या पेढीवर दुसरा ठसा, मग तिसरा. वर्षानुवर्षं असे घाव खाऊन नाणं वाटीसारखं खोलगट व्हायचं, राजाचं नाक-डोळे सपाट व्हायचे, शेवटी कडेचे टवके उडायचे. तेव्हा ते मोजून देणं बंद आणि तराजूत टाकणं सुरू. उडालेले टवकेही कोणी फेकत नसे, शेवटी तीही चांदीच.

भाजी-तांदळाला डॉलर लागत नसे. त्यासाठी मधे भोक असलेली तांब्याची नाणी दोरीत ओवून ठेवलेली असत. एका डॉलरला साधारण हजारभर, पण भाव कायम खालीवर. म्हणजे मजुराला चांदीत पैसे मिळाले, तरी ते मोडताना सराफाचा वाटा सुटायचाच.

या व्यवहारात मुंबई आधीपासून होती. जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्यासारखे इथले व्यापारी कापूस आणि माळव्याची अफू कँटनला धाडत. मोबदल्यात आलेली चांदी, त्यात डॉलरही, मुंबईच्या टांकसाळीत वितळून रुपया व्हायची. अफूचा हा पैसा आपल्या शहराच्या पायात आहे, हे आपण सोयीनं विसरतो.

पुढे उलटं घडलं. स्पॅनिश डॉलरच्या जागी मेक्सिकोचा गरुडवाला डॉलर आला, पण तो पुरेना. हाँगकाँगनं १८६६ मध्ये स्वतःची टांकसाळ काढली. तोटा झाला, दोन वर्षांत कुलूप लागलं, बरीचशी यंत्रं जपानला विकली गेली. इकडे १८९३ मध्ये सरकारनं भारतीय टांकसाळींत चांदी आणून रुपये पाडून घेण्याची लोकांची मुभा बंद केली. त्यामुळे टांकसाळीला काम कमी झालं आणि पूर्वेला नाणी हवीच होती. १८९५ मध्ये मुंबईत ब्रिटिश डॉलर पडू लागला. वजन जेमतेम २७ ग्रॅम, चांदी शेकडा ९०. लोकांच्या हाताला जे वजन माहीत होतं त्याच्याशी खेळ करण्याची हिंमत साम्राज्यानंही केली नाही. तरी चिनी सराफांनी ब्रिटानियावरही ठसे ठोकलेच.

१९३५ मध्ये चीननं आणि पाठोपाठ हाँगकाँगनं चांदीचं चलन सोडलं. मुंबईत त्या साली पाडलेले बहुतेक डॉलर वितळवले गेले. म्हणून आज नाणेसंग्राहक १९३५ सालच्या डॉलरसाठी वाट्टेल ती किंमत मोजतात.

टांकसाळीचं परदेशी नाण्यांचं काम मात्र संपलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इथिओपियात लढणाऱ्या ब्रिटिश फौजेला तिथल्या बाजारात खर्च करायला ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या नावाचं थालर हे चांदीचं नाणं हवं होतं. तिथले लोक दुसरं नाणं सहजी घेत नसत. १९४० आणि ४१ मध्ये तेही मुंबईत पाडलं गेलं, आणि सवयीचं नाणं असल्यामुळे त्यावर साल ठेवलं ते नेहमीचंच, १७८०.