इंग्रजीतला हरवलेला ‘तू’

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत, वसईत किंवा गोव्यात इंग्रजी मिस्साला कधी बसला असाल, तर एक प्रार्थना तुमच्या कानांवरून नक्की गेली असेल. ‘आवर फादर, हू आर्ट इन हेवन, हॅलोड बी दाय नेम.’ आपल्याकडच्या अनेक कॉन्व्हेंट शाळांतल्या मुलांना ती पाठ असते. यातला ‘दाय’ म्हणजे ‘तुझे’. तो ज्या सर्वनामाचा आहे ते सर्वनाम म्हणजे ‘दाऊ’, इंग्रजीतला ‘तू’. प्रार्थना, जुनी नाटकं आणि काही बोलीभाषा सोडल्या, तर तो आज इंग्रजीतून गेला आहे. आणि त्याच्याबद्दल एक मोठा गैरसमज पसरला आहे. ‘दाऊ’ म्हणजे फार आदराचं, भारदस्त संबोधन, असं खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या पुष्कळांनाही वाटतं. खरं तर तो सरळ सरळ एकेरी उल्लेख होता. आईनं लेकराला, मालकानं गड्याला, मित्रानं मित्राला म्हणावा तसा.

शब्द आपल्या सख्ख्या नात्यातला आहे. संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’, जर्मन ‘डू’, मराठी ‘तू’ आणि इंग्रजी ‘दाऊ’ ही एकाच मुळाची पोरं. आजचं ‘यू’ ज्या जुन्या अनेकवचनातून आलं, तेही संस्कृत ‘यूयम्’च्याच घरातलं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर द्विवचनसुद्धा होतं. फक्त ‘तुम्ही दोघं’ म्हणायचं असेल तर ‘यित’ असा वेगळा शब्द होता, आपल्या ‘युवाम्’सारखा. तेराव्या शतकात तो नाहीसा झाला. तोवरचा नियम अगदी साधा होता: समोर एक माणूस असेल तर ‘दाऊ’, अनेक असतील तर ‘यी’, ज्याचं कर्माचं रूप पुढे ‘यू’ झालं आणि नंतर कर्त्यासाठीही तेच रुळलं. समोरचा राजा आहे की गुराखी, याचा त्या निवडीशी संबंध नव्हता.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला अनेकवचनानं बोलवायची रीत होती. तीच तेराव्या शतकापासून इंग्रजीत उतरली. आपण ज्याला आदरार्थी बहुवचन म्हणतो ते इंग्रजीला असं मिळालं. मग वरच्याला ‘यू’, खालच्याला ‘दाऊ’. उच्चकुलीन लोक आपसात ‘यू’, कष्टकरी आपसात ‘दाऊ’. देवाला मात्र ‘दाऊ’च, कारण तिथे जवळीक होती. वारकरी विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, हे ज्याच्या कानात बसलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एकेरी आणि आदरार्थी अशी जोडी भाषेत आली, की एकेरीचा अपमानासाठी वापर व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडे ‘अरेतुरे करणे’ आहे, तसं इंग्रजीत ‘टु दाऊ’ हे क्रियापदच होतं. १७ नोव्हेंबर १६०३ रोजी विंचेस्टरमध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारे एडवर्ड कोक भर न्यायालयात त्यांना म्हणाले, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर.’ म्हणजे, ‘मी तुला अरेतुरे करतो, अरे गद्दारा!’ ज्या सरदाराला कालपर्यंत सगळे ‘यू’ म्हणत होते, त्याची पत काढून घ्यायला एक सर्वनाम पुरलं.

याच काळातलं शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ उघडा. तिसरा अंक, चौथा प्रवेश. राणी गर्ट्रूड मुलाला रागावायला म्हणून बोलावते.

‘हॅम्लेट, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड.’

म्हणजे, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलं आहेस. आई मुलाला बोलते आहे, म्हणून ‘दाऊ’. यात ‘फादर’ म्हणजे तिचा दुसरा नवरा. हॅम्लेट तेच वाक्य तिच्यावर उलटवतो: ‘मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड.’ त्याच्या मनातला बाप म्हणजे खून झालेला राजा. आता राणीचं पुढचं वाक्य नीट ऐका: ‘कम, कम, यू आन्सर विथ ॲन आयडल टंग.’ म्हणजे, उगाच काहीतरी उत्तर देतोस. ती एकदम ‘यू’वर गेली. हा आदर नव्हे, आईनं मुलाला परकं केलं आहे. आपल्याकडे चिडलेली आई पोराला ‘या, साहेब, बसा’ म्हणते, तो सूर. पुढे जिवाची भीती वाटते तेव्हा ती पुन्हा ‘दाऊ’ म्हणते, आणि काळीज फाटतं तेव्हाही: ‘दाऊ हॅस्ट क्लेफ्ट माय हार्ट इन ट्वेन.’ हॅम्लेट मात्र तिला ‘यू’च म्हणत राहतो. ‘दाऊ’ तो म्हणतो ते पडद्यामागे मेलेल्या पोलोनियसला, म्हणजे दरबारातल्या मंत्र्याला.

भाषांतर करणारे नेमके इथेच चुकतात. ‘दाऊ’ म्हणजे ‘तू’ आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’ असं सरसकट धरलं, तर मराठी हॅम्लेट आईला ‘तुम्ही’ म्हणू लागेल. मराठी घरात वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणारा मुलगासुद्धा बहुतेक वेळा आईला ‘तू’च म्हणतो. तेव्हा शब्दाला शब्द लावू नये. आधी त्या दोन माणसांत नेहमीचं संबोधन कोणतं आहे ते पाहावं आणि मग ते कुठल्या ओळीला बदलतं तिथे बोट ठेवावं. अर्थ त्या बदलात असतो. मराठीत तो बदल कधी क्रियापदातून येईल, कधी ‘अगं आई’चं ‘आईसाहेब’ केल्यानं येईल.

सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉर्ज फॉक्स यांचे अनुयायी, म्हणजे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक, यांनी ठरवलं की प्रत्येकाला ‘दाऊ’च म्हणायचं. न्यायाधीशालाही आणि जमीनदारालाही. त्यांचं म्हणणं असं: माणूस एक आहे, तर त्याला अनेकवचन लावणं हे खोटं बोलणं आहे, आणि देवापुढे सगळे सारखे आहेत. १६६० मध्ये फॉक्स यांनी जॉन स्टब्स आणि बेंजामिन फर्ली यांच्यासह एक जाडजूड पुस्तकच छापलं. एकाला एकवचन आणि अनेकांना अनेकवचन हेच व्याकरण आहे, हे त्यात नाना भाषांतले दाखले देऊन मांडलं होतं. लोक मात्र खवळले. क्वेकरांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. एका सर्वनामासाठी इतकं सोसणारी माणसं भाषांच्या इतिहासात फार थोडी असतील.

काळ मात्र त्यांच्या उलट दिशेनं चालला होता. सतरावं शतक संपेपर्यंत लंडनच्या नेहमीच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळजवळ गेला. वाढत्या शहरात समोरच्याचा दर्जा चटकन ओळखता येत नाही. मोठ्याला चुकून ‘दाऊ’ म्हटलं तर भांडण, लहानाला चुकून ‘यू’ म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मग जो तो सगळ्यांनाच ‘यू’ म्हणू लागला. आदर सगळ्यांच्या वाट्याला आला आणि त्यामुळेच तो आदर म्हणून ओळखू येईनासा झाला. माझ्या मते इंग्रजीचं त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे: एक की अनेक, हे सांगायची सोयच गेली.

ते नुकसान बायबलमध्ये लख्ख दिसतं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘दाऊ’ आणि ‘यी’ यांचा आदराशी संबंध नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये एकवचन असेल तिथे ‘दाऊ’, अनेकवचन असेल तिथे ‘यी’ किंवा ‘यू’. लूकच्या शुभवर्तमानात, बाविसाव्या अध्यायात, येशू सीमोनाला सांगतो की सैतानानं ‘यू’ला, म्हणजे तुम्हा सर्व शिष्यांना, गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, पण मी ‘दी’साठी, म्हणजे एकट्या तुझ्यासाठी, प्रार्थना केली आहे. आजच्या इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘यू’ घातलं की धोका सगळ्यांना आणि प्रार्थना एकासाठी, हा भेद बुजतो. मराठीत ‘तुम्हांला’ आणि ‘तुझ्यासाठी’ म्हटलं की काम झालं.

बोलण्यातून गेलेला शब्द चर्चमध्ये मात्र रोज ऐकू येत राहिला. तो फक्त देवाच्या संदर्भात कानावर पडणार म्हटल्यावर त्याला पावित्र्याचा वास लागला. १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या एका सुधारित अमेरिकन बायबलमध्ये तर माणसांसाठी ‘यू’ आणि देवाला हाक मारताना तेवढा ‘दाऊ’ अशी वाटणी केली गेली. जो शब्द रॅलींची पत काढायला वापरला होता, तो साडेतीनशे वर्षांत देवासाठी राखीव झाला.

विद्यार्थ्यांसाठी आता थोडं व्याकरण. कर्ता ‘दाऊ’, कर्म ‘दी’. नामाआधी व्यंजन असेल तर ‘दाय’, स्वर असेल तर ‘दाइन’: ‘दाय नेम’, पण ‘दाइन आय’. ‘हे तुझं आहे’ असं सुटं म्हणायचं असेल तरी ‘दाइन’. ‘दाऊ’बरोबर क्रियापदाला ‘एस्ट’ किंवा नुसता ‘स्ट’ लागतो: ‘नोएस्ट’, ‘हॅस्ट’, ‘डस्ट’. वेगळी रूपं म्हणजे ‘आर्ट’, ‘शॅल्ट’, ‘विल्ट’. जुन्या इंग्रजीची नक्कल करणारे हमखास ‘दाऊ हॅथ’ लिहितात. ते चूक आहे. ‘हॅथ’, ‘नोएथ’ ही ‘तो’ आणि ‘ती’ची रूपं. आज्ञार्थाला तर काहीच लागत नाही: ‘कम दाऊ’.

दुकानांच्या पाट्यांवर ‘यी ओल्ड’ असं वाचायला मिळतं, त्यातला ‘यी’ मात्र सर्वनाम नव्हे. तो ‘द’ आहे. जुन्या इंग्रजीत या ध्वनीसाठी ‘थॉर्न’ नावाचं अक्षर होतं. हस्तलिखितांत ते हळूहळू वायसारखं दिसू लागलं, आणि युरोपातून आणलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते नसल्यानं छापखान्यांत त्याच्या जागी वाय बसला. वाचताना ‘द ओल्ड’ असंच वाचायचं.

‘दाऊ’ सगळीकडून गेला असंही नाही. यॉर्कशरच्या बोलीत तो ‘दा’ होऊन राहिला, आणि तिथे आगाऊ माणसाला सुनावायचं एक वाक्य प्रसिद्ध आहे: ‘डोन्ट दी दा मी.’ मला अरेतुरे करू नकोस! आणि प्रमाण इंग्रजीत जी जागा रिकामी झाली ती लोकांनी आपापल्या परीनं भरायचा प्रयत्न केला. अठराव्या शतकात चांगले शिकलेलेही एका माणसाला ‘यू वॉज’ आणि अनेकांना ‘यू वेअर’ म्हणत. रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या व्याकरणात ते अशुद्ध ठरवलं. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ आलं, आयर्लंडमध्ये आणि लिव्हरपूलमध्ये ‘यूज’, इंग्लंडमध्ये ‘यू लॉट’. कोट्यवधी माणसं हे शब्द रोज बोलतात, पण शाळेतल्या सर्वनामांच्या तक्त्यात एकवचनाच्या आणि अनेकवचनाच्या अशा दोन्ही रकान्यांत अजून ‘यू’च लिहिलेलं असतं.

नमस्कार.